माथेरानला गाडी वर जात नाही, मग ओझं कोण वाहतं?

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, माथेरानला गाडी थेट वरपर्यंत जाते का?"

म्हटलं, "नाही रे बाबा. दस्तुरी नाक्याला लावायची, पुढे अडीच-तीन किलोमीटर चालायचं. नाहीतर घोडा, नाहीतर मिनी ट्रेनची शटल."

"आई-बाबांना घेऊन? आणि बॅगा कोण उचलणार? जाऊ दे काका, आम्ही अलिबागच करतो."

मी फोन ठेवला, पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. बॅगा कोण उचलणार? माथेरानचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, असं म्हटलं तरी चालेल.

आपण वडखळ-पेणची माणसं. पर्यटक म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. शनिवारी सकाळी नाक्यावर उभं राहिलं की अख्खी मुंबई-पुणे समोरून जाते. अर्ध्या गाड्या गोव्याच्या दिशेला, अर्ध्या अलिबागला. २०११ पासून हायवेचं चौपदरीकरण बघतोय. रस्ता वाढला, गाड्या त्याहून जास्त वाढल्या. लाँग वीकेंडला आपल्याच गावात रस्ता ओलांडायची चोरी होते. पण खरं बोलायचं तर आपल्यातली निम्मी घरं या गाड्यांवरच चालतात. वडापाव, चहा, मिसळ, पंक्चर, पेणचे पापड-पोहे, सीझनला पांढरा कांदा. म्हणून पर्यटक नकोच, असं मी म्हणणार नाही. ते ढोंग होईल.

पण आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, एक गाव असं आहे की ज्याने गाडीला वेशीवरच थांबवलं. हे कसं घडलं आणि त्याची किंमत कुणी दिली, हे माहीत असलं तर तिथे कसं जायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात १८५० पासून करतात. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे महिन्यात चौकला मुक्कामाला होता. चौक म्हणजे आपण पनवेल-खोपोली रस्त्याने जातो तेव्हा लागतं ते. समोरचा डोंगर बघून साहेबाला वर जावंसं वाटलं. तो आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने चढला आणि रामबागच्या बाजूने उतरला. वरची गर्द झाडी आणि भर उन्हाळ्यातली थंड हवा त्याला आवडली. त्याच वर्षी तो पुन्हा आला, आणि पुढे वर घर बांधलं. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला. वाटा झाल्या, बंगले झाले, इंग्रजांच्या मागोमाग पारशी, बोहरी, गुजराती शेटजी आले.

पुस्तकांत याला "मॅलेटने माथेरानचा शोध लावला" असं म्हणतात. मला ते वाक्य नेहमी खटकतं. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे नावच सांगतं की कुणीतरी मराठी बोलणाऱ्याने ते आधी पाहिलेलं होतं. धनगर, ठाकर, कातकरी तिथे वावरत होते. शार्लोट तलावाच्या काठी पिसारनाथाचं देऊळ आहे, ते गावाचं दैवत. पॉइंटांची नावं लुइझा, अलेक्झांडर, गार्बेट झाली, म्हणून काही डोंगर तेव्हा जन्माला आला नाही.

आता मूळ प्रश्न. साहेब, मडमा, शेटजी वर पोचायचे कसे? १८५६ मध्ये रेल्वेमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि मुंबईहून नेरळ गाठणं सोपं झालं. पण नेरळ पायथ्याला आणि माथेरान समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर. मधल्या चढाला घोडा, पालखी, नाहीतर माणसांनी खांद्यावर उचललेली खुर्ची. सामान डोक्यावर. पालखीतल्या माणसाचं नाव बंगल्याच्या फाटकावर लागलं. उचलणाऱ्यांची नावं कुठेच लागली नाहीत.

हे ओझं पहिल्यांदा हलकं केलं ते आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. सर आदमजी मुंबईतले मोठे बोहरी व्यापारी. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान छोटी रेल्वे बांधायची ठरवली आणि वडिलांनी पैसा उभा केला. १९०४ ते १९०७ या काळात काम झालं. खर्च सुमारे सोळा लाख रुपये, त्या काळचे! रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी साधारण वीस-एकवीस किलोमीटर. डोंगर फोडून सरळ वर न जाता घोड्याच्या नालासारखी वळणं घेत, हळूहळू चढत ती गाडी वर नेली. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, तोही एवढासा. २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. मार्गावरच्या स्टेशनांची नावं बघा: जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज. वॉटर पाईप नावाचं स्टेशन! डोंगरावर पाणी ही काय चीज आहे, ते त्या नावावरूनच कळतं.

रेल्वे आली, नगरपालिका आली, हॉटेलं आली. पण वर मोटार मात्र आली नाही. आधी अरुंद वाटा आणि जुने नियम आड आले, आणि पुढे लोकांच्या लक्षात आलं की हीच आपली पुंजी आहे. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा मिळून २१४.७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणून जाहीर केला. वर अँब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारीला मनाई. त्याआधी दोनच वर्षं, २००१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणीलाही असा दर्जा मिळाला होता. पण तिथे गाडी थेट बाजारपेठेत जाते. मे महिन्यात तिथे अडकलेल्यांना दोन्हीतला फरक मी सांगायला नको.

तर आजही सकाळी माथेरानच्या बाजारात उभं राहिलं की हॉर्न ऐकू येत नाही. घोड्यांच्या टापा, पाखरं, आणि नशीब असेल तर झाडावर शेकरू. पायाखाली जांभ्याची लाल माती. हे सगळं आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे.

इथवर गोष्ट छान आहे. अर्धी गोष्ट पुढे आहे.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन माथेरानला गेलो होतो. आईचे गुडघे गेलेले. दस्तुरीवरून हातरिक्षा केली. एक माणूस पुढून ओढतोय, दोघे मागून ढकलतायत. लाल मातीचा चढ, दगड, वरून ऊन. मी बाजूने चालत होतो. दहा मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "थांबवा हो दादा, मी उतरते. मला बघवत नाही." पुढचा माणूस थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "बसा आई. तुम्ही उतरलात तर आमची रोजी कशी निघणार?"

आई बसून राहिली. पण वर पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ठरलेल्या पैशांवर तिने पदराच्या गाठीतले आणखी काढून दिले. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "हवा चांगली आहे, पण मी परत नाही यायची."

वर धूर नाही, गोंगाट नाही, कारण मोटारीचं काम माणसाचं शरीर करत होतं. भाजी, दूध, गॅसचं सिलिंडर, सिमेंटची गोणी, हॉटेलातला गाद्यांचा ढीग, आणि तुमच्या-आमच्या चाकांच्या बॅगा. सगळं घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. निसर्ग वाचला हे खरंच. पण ते ओझं दीडशे वर्षं काही ठरावीक घरांनी वाहिलं, हेही तितकंच खरं.

आणि ते फक्त पर्यटकांपुरतं नव्हतं. वर राहणाऱ्या माणसाला रात्री छातीत दुखलं तर? शाळेची पोरं पावसाळ्यात रोज किती चालणार? पर्यावरण वाचवा म्हणणारे आपण रविवारी संध्याकाळी घरी येतो. वरची माणसं सोमवारीही तिथेच असतात.

म्हणून हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच ई-रिक्षाची मागणी केली. बाहेरच्या कुणी त्यांच्यावर दया दाखवून ही गोष्ट झालेली नाही, हे लक्षात घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये पहिल्या सात रिक्षा फिरू लागल्या. पुढे वीस ई-रिक्षांची मर्यादा घातली गेली, आणि त्या ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असं ठरलं. परवानाधारक हातरिक्षा होत्या चौऱ्याण्णव. म्हणजे सगळ्यांना पुरतील अशा नव्हत्याच. घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. पर्यावरणवाद्यांना भीती होती की आज ई-रिक्षा आली, उद्या टॅक्सी येईल. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. भांडण सोपं नव्हतं.

६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणं ही अमानुष प्रथा आहे, स्वातंत्र्याच्या ७८ वर्षांनंतर ती चालू राहणं घटनेला धरून नाही, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना राज्य सरकारने करावी. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावलं. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला मातीचे पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या रस्त्यांना आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांना नाही, असंही सांगितलं. म्हणजे माणूस आणि डोंगर, दोघांचाही विचार एकाच निकालात झाला. मला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते. एकाला वाचवायला दुसऱ्याचा बळी द्यावाच लागतो, हे आपण गृहीत धरून बसलो होतो.

जगात इतरत्र हे पूर्वीच झालेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जात नाहीत. खालच्या टेश गावात गाडी लावायची आणि रेल्वेने वर जायचं. वर छोट्या विजेच्या गाड्या. पर्यटक तिथे काही कमी जात नाहीत. आपल्याकडे रेल्वे तर १९०७ पासून होती. फक्त माणूस ओढायचा थांबायला एवढी वर्षं लागली.

माथेरानच्या माणसांबद्दल बोलतोय तर एक नाव घेतलंच पाहिजे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्येच एका गरीब नाभिक कुटुंबात जन्म. शिकून वकील झाले, नगरपालिकेत निवडून आले, आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केलं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पर्यटक इको पॉइंटला जाऊन स्वतःच्याच नावाने ओरडतात. त्या डोंगराने हेही नाव दिलं आहे, एवढं तरी पोरांना सांगा.

आता डोंगराबद्दल. डोंगर म्हणजे फोटोच्या मागचा पडदा नव्हे. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. त्या पावसात माथेरानचा रेल्वेमार्ग जागोजागी वाहून गेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच. नेरळहून गाडी परत सुटली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. आणि मॅलेटसाहेबाने ज्या चौकला मुक्काम केला होता, त्याच चौकजवळची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. गडावर जाणारे ट्रेकर याच वाडीत भाकरी खायचे, पाणी मागायचे. पर्यटनामुळे दरड कोसळली असं मी म्हणत नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. एवढंच म्हणतो की आपण ज्याला "स्पॉट" म्हणतो ते कुणाचं तरी घर असतं, आणि त्या घराखालची जमीन पावसाळ्यात हलू शकते.

म्हणून पुतण्याला जे सांगितलं, ते इथेही लिहितो.

एक, जमलं तर गाडी घरीच ठेवा. पेणहून एसटीने खोपोली, खोपोलीहून लोकलने कर्जत, तिथून नेरळ. नाहीतर पेणहून दिवा मेमू आणि दिव्याहून मध्य रेल्वेच्या लोकलने नेरळ. नेरळहून मिनी ट्रेन मिळाली तर सोनं. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालते. आधी चौकशी करून निघा.

दोन, बॅग एवढीच भरा की स्वतः उचलता येईल. दोन दिवसांना चार जोड कपडे लागत नाहीत. जास्त सामान असेल तर हमाल जरूर करा, तो त्याचा व्यवसाय आहे. फक्त दर आधी विचारा, आणि ठरल्यावर वर पोचून घासाघीस करू नका. हॉटेलात चहाचे जे लावतील ते निमूट देतो आणि हमालाशी दहा रुपयांसाठी भांडतो, हे आपलं नेहमीचं आहे.

तीन, ई-रिक्षा म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि शाळेच्या पोरांसाठी आधी. धडधाकट पंचविशीतल्या पोराने रांगेत घुसून सेल्फी काढत बसायची ती जागा नाही. घोडा केलात तर दोघांनी एका घोड्यावर बसू नका.

चार, वर नेलेली प्रत्येक प्लॅस्टिकची बाटली आणि वेफर्सचं पाकीट खाली आणा. वर गाडी जात नाही, मग कचरा खाली कोण आणतं? तोही कुणाच्या तरी खांद्यावरूनच येतो. माकडांना खायला घालू नका. आज तुम्ही केळं देता, उद्या ती तिथल्या माणसाच्या स्वयंपाकघरात शिरतात.

पाच, पाणी जपून वापरा. शार्लोट तलावाचं, नाहीतर खालून पंपाने चढवलेलं पाणी आहे ते. हॉटेलचं बिल भरलं म्हणजे अर्धा तास शॉवर सोडायचा हक्क मिळत नाही.

सहा, जमलं तर आडवारी जा आणि एक रात्र राहा. सकाळी येऊन संध्याकाळी पळणाऱ्या गर्दीतून गावाला कचरा जास्त आणि पैसा कमी मिळतो. चप्पल, चिक्की, मध तिथल्या दुकानातून घ्या.

आणि शेवटचं आपल्या वडखळकरांसाठी. आपण रोज म्हणतो, हे मुंबईवाले येतात, कचरा टाकतात, कशाही गाड्या लावतात. शंभर टक्के खरं. पण आपण नेरळच्या पलीकडे गेलो की आपणही पर्यटकच. दस्तुरीच्या पार्किंगवाल्याला आपली एमएच-०६ ची पाटी बघून काही वेगळं वाटत नाही. आपल्या नाक्यावर पाहुण्याने जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं तिथे वागू या.

पुतण्याचा काल पुन्हा फोन आला. "काका, अलिबाग कॅन्सल. माथेरानच करतोय. पण बॅगा?"

म्हटलं, "लहान घे. आणि आजीला पण विचार, येते का."

आईला विचारलं त्याने. ती म्हणाली, "आता माणूस ओढत नसेल तर येते."

पोस्ट आवडली तर शेअर करा, विशेषतः त्यांच्याशी, जे या शनिवारी निघणार आहेत. आणि तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा जुन्या माथेरानला गेले असतील, तर त्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा.